वानखड्यांचं म्हणणं

माझं म्हणणं बरोबर होतं, एवढं सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढे ह्या हकिगतीत ते विचारायला कोणी थांबणार नाही. आमच्या इमारतीला लिफ्ट हवी, हे माझं म्हणणं. धनकवडीतली आमची ‘समन्वय’ सोसायटी तीन मजली आहे, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि आमच्या हिचे, म्हणजे उल्काचे, दोन्ही गुडघे गेल्या पावसाळ्यापासून असहकार करताहेत. संक्रांतीला ती हळदीकुंकवासाठी म्हणून खाली उतरली आणि परत येताना दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली. त्यानंतर ती खाली उतरलेलीच नाही. भाजी मी आणतो. मी आणलेल्या भाजीकडे ती नुसती बघते आणि मग निवडायला घेते. संध्याकाळी गॅलरीत उभी राहून रस्त्यावरून फिरायला जाणाऱ्या बायकांकडे बघत असते, ते मात्र मला बघवत नाही.

तिने स्वतःपुरती एक सोय केली आहे. गॅलरीच्या कठड्याला दोरी बांधून ती एक कापडी पिशवी खाली सोडते आणि तळमजल्यावरच्या चंद्रभागाबाई त्यात कढीपत्ता, कोथिंबीर, कधी गरम भाकरी ठेवतात. पिशवी वर जाता-येता दोघी तीन मजल्यांच्या अंतरावरून तासन् तास बोलतात. काय बोलतात ते मी कधी ऐकलं नाही. दुसऱ्यांच्या बोलण्याकडे कान देऊ नये अशी आमच्या मेहेंदळ्यांच्या घरची शिस्त आहे, आणि शिवाय माझी व्याख्यानं असतात.

ह्या चंद्रभागाबाई म्हणजे श्यामसुंदर वानखड्यांच्या पत्नी, आणि वानखडे म्हणजे लिफ्टचे विरोधक. माणूस मूळचा अमरावतीकडचा, पण उभी नोकरी खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात झाली. कारखान्यात काय तयार होत असे हे ते सांगत नाहीत. जे काही होत असे ते वानखड्यांनी ‘पास’ म्हटल्याशिवाय दाराबाहेर पडत नसे, एवढं मात्र सगळ्या सोसायटीला पाठ आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनी जिन्याच्या तोंडाशी, स्वतःच्या दाराबाहेर एक लोखंडी खुर्ची टाकली आणि तपासणी पुढे चालू ठेवली. जिन्याने जाणारा-येणारा एकही माणूस त्यांच्या हातून सुटत नाही. गॅसवाल्याने सिलिंडर आपटला, कुणाच्या मुलाने चपला फरफटवल्या, दुधाची पिशवी गळतेय, सगळ्याची तिथल्या तिथे झडती होते. एकदा त्यांनी माझ्या पिशवीतलं वांगं बाहेर काढून उजेडात फिरवून बघितलं आणि हे कोणी दिलं तुम्हाला, असं विचारलं. मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर देण्यासारखं त्या वांग्यात काही नव्हतं.

लिफ्टच्या पहिल्या सभेत पैशांचं आधीच ठरलेलं होतं, जागा ठरलेली होती. आर्किटेक्टने इमारतीच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ, लिफ्टचं दार दाखवलं होतं. म्हणजे भांडायला तसं कारण उरलेलं नव्हतं. पण मी बोलायला उभा राहिलो आणि दुसऱ्याच वाक्याला वानखडे ‘खोटं’ म्हणाले. तिसऱ्या वाक्याला त्यांनी ‘हेही खोटं’ म्हटलं. ते वाक्य ‘सभासद बंधुभगिनींनो’ असं होतं. मग मी तळमजल्यावरच्या लोकांच्या दृष्टीविषयी काही बोललो, त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांच्या वरच्या मजल्याविषयी काही सांगितलं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या माधवरावांनी मध्ये पडून दोघांनाही वय विचारलं. सभा तिथेच उधळली. आमचा सचिव अनिरुद्ध हडपसरला एका आयटी कंपनीत आहे. त्याने इतिवृत्तात ‘चर्चा खेळीमेळीच्या वातावरणात झाली’ असं लिहिलं आणि मेसेज टाकून तो कामावर निघून गेला.

त्याच आठवड्यात ज्येष्ठ नागरिक संघात एक व्याख्यान होतं, ‘वाद कसा घालावा’. पुण्यात व्याख्यानाला लोक वक्त्याच्या चुका काढायला जातात. व्याख्यान ऐकून त्याप्रमाणे वागणारा माणूस बहुधा मी एकटाच असेन. वक्ते फार सुंदर बोलले. म्हणाले, प्रतिपक्षाला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडून दाखवा, आणि इतकं नीट मांडा की तोच म्हणाला पाहिजे, ‘हेच माझं म्हणणं’. त्यातलं आपल्याला काय पटतं ते आधी सांगा. मगच खंडन करा. आपले जुने शास्त्री असंच करीत. मी घरी येताना रिक्षावाल्याला जास्त भाडं का सांगतोस असं विचारण्याआधी त्याची बाजू नीट मांडून दाखवली. तो इतका भारावला की त्याने आणखी थोडं भाडं मागितलं. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

पुढच्या सभेत मी ठराव मांडला. ‘ह्यापुढे संस्थेच्या सभेत कोणाही सभासदाच्या म्हणण्याला उत्तर देण्यापूर्वी, ते म्हणणे उत्तर देणाऱ्याने स्वतः मांडावे, आणि मूळ सभासदाने “हेच माझे म्हणणे” असे म्हटल्याशिवाय पुढे बोलू नये.’ ठराव एकमताने मंजूर झाला, कारण पॅटिस गार होत होते. अनुमोदन वानखड्यांनी दिलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. शत्रूचं मन इतकं मोठं असेल अशी माझी कल्पना नव्हती.

अनिरुद्ध म्हणाला, “ओके काका, मग प्रोसीजरनुसार लिफ्टच्या विषयावर आधी तुम्ही वानखडे काकांचं म्हणणं सांगा.” मी उठलो आणि सांगितलं. मागची बाजू बंद झाली की वारा अडेल. वीज गेली की माणसं अडकतील. जिना चढल्याने ह्या इमारतीत कोणाला हृदयविकार नाही. वानखड्यांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं, जसं काही ते कानाने नाही, बोटांनी चाचपून बघत होते. मग डोळे उघडून एकच शब्द बोलले.

“नापास.”

झालं. माझ्याच ठरावाप्रमाणे मला उत्तर देता येईना, आणि उत्तराशिवाय विषय मतदानाला घेता येईना. लिफ्ट जमिनीपासून एक इंचही वर न जाता अडकली. ठराव रद्द करावा म्हटलं तर त्यासाठी ठरावाच्या विरुद्ध बोलायला हवं, विरुद्ध बोलायचं तर आधी ठराव मांडणाऱ्याचं म्हणणं नीट सांगायला हवं, आणि ठराव मांडणारा मीच. मी घरी आरशासमोर उभा राहून तेही करून बघितलं. माझं मलाच समाधान झालं नाही.

मग सुरू झाल्या फेऱ्या. रोज सकाळी आंघोळ करून मी वानखड्यांच्या दारात जायचो, ते खुर्चीत बसलेले असायचे, मी पायरीवर बसायचो आणि त्यांचं म्हणणं त्यांना सांगायचो. चंद्रभागाबाई चहा आणायच्या. वानखडे ऐकायचे आणि नापास करायचे. कारणं मात्र न्याय्य द्यायचे, हे कबूल केलं पाहिजे. एकदा म्हणाले, मुद्दे बरोबर आहेत पण तुम्ही ते वाकडं तोंड करून सांगता. मी सरळ तोंड करायला शिकलो. एकदा म्हणाले, तुम्ही माझं म्हणणं घाईत उरकता, तुमचं उत्तर तुमच्या ओठांवर आलेलं दिसतं. मी उत्तर गिळायला शिकलो. मध्येच कोणी जिन्यावरून गेलं की ते मला हाताने थांबवायचे, त्या माणसाला दोन शब्द सुनवायचे, आणि मग म्हणायचे, “हं, कुठं होतो आपण? पहिल्यापासून घ्या.”

सगळं ऐकून झाल्यावर ते नेहमी एकच शेरा मारायचे. “लॉटमध्ये एक नग कमी आहे.” कोणता नग, ते सांगायचे नाहीत. तपासणाऱ्याने बनवणाऱ्याला काय कमी ते सांगायचं नसतं, असा त्यांच्या खात्यात नियम होता म्हणे. कधीकधी वारा, वीज आणि हृदयविकार संपल्यावर ते रस्त्याकडे बघत ‘मग माणसं काही दिसायची नाहीत’ असं काहीतरी पुटपुटायचे. ते मी गाळायचो. त्यात मुद्दा नव्हता, नुसती हळहळ होती, आणि वादात हळहळ धरू नये असं वक्त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

अशा वेळी सल्ला देणाऱ्यांची कमी नसते. माधवराव महापालिकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठलंही काम कसं होत नाही ह्याचा त्यांना दांडगा अनुभव. ते म्हणाले, दीनानाथ, तू वरवर शिकतोयस. प्रतिपक्षाचं म्हणणं समजायचं तर त्याच्यासारखं जगायला हवं. म्हणून मी घरी तळमजल्यावर राहत असल्यासारखं राहू लागलो. पंखा बंद करून वारा अडवला. उल्काने विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, मागची बाजू बंद झालीय. ती म्हणाली, मग पुढच्या बाजूने जाऊन भाजी घेऊन या. माधवरावांचा पुढचा सल्ला असा, की वानखडे जे खातात ते खा. चंद्रभागाबाईंनी पिशवीतून झणझणीत ठेचा वर पाठवला. त्या दिवशी मला वानखड्यांचा स्वभाव थोडाफार समजला, पण मुद्दा समजला नाही.

शेवटी माधवराव म्हणाले, त्यांच्या खुर्चीत बसून बघ. वानखड्यांना एका लग्नाला जायचं होतं. त्यांनी खुर्ची माझ्या ताब्यात दिली आणि ती कशी वापरायची ते समजावलं. मी सकाळपासून वही न घेता, मन मोकळं ठेवून, लिफ्टविरोधी विचार करायला बसलो. पण विचार म्हणून करू देतील तर शपथ. दूधवाला थांबून म्हणाला, वानखडेकाका कुठे गेले. केरवाली मुक्ताई थांबून म्हणाली, काका नाहीत तर आज मला कोण ओरडणार. पहिल्या मजल्यावरची सुरुची कॉलेजला निघाली होती, ती स्वतःहून म्हणाली, आज ओढणी गाडीच्या चाकात जाणार नाही, नीट बांधलीय, सांगा काकांना. पोस्टमन थांबला, इस्त्रीवाला थांबला, एक मांजर थांबलं. संध्याकाळपर्यंत एक सलग विचार माझ्या डोक्यात आला नाही. असल्या वर्दळीत हा माणूस लिफ्टविरुद्ध तीन मुद्दे तरी कसे काढू शकला, ह्याचंच मला नवल वाटलं.

आता सरकारी आधार घ्यावा म्हणून मी सहकार खात्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या गृहस्थांना मी प्रथम नमस्कार केला, त्यांचा वेळ किती मौल्यवान आहे हे त्यांच्या बाजूने मांडलं, आणि मग ठरावाचा पेच सांगितला. त्यांनी सगळं ऐकून फक्त विचारलं, फ्लॅट कोणाच्या नावावर आहे. मी सांगितलं, पत्नीच्या. ते म्हणाले, मग सभासद त्या. तुम्हाला सभेत ठराव मांडायचा, बोलायचा, काही अधिकारच नाही. मी म्हटलं, पण तिला जिना उतरवत नाही.

“मग लिफ्ट बसवून घ्या,” असं म्हणून त्यांनी खिडकी बंद केली.

ही गोष्ट मी घरी सांगितली नाही. इतके दिवस ज्या इमारतीच्या वैचारिक जडणघडणीची धुरा मी वाहत होतो, त्या इमारतीत कायद्याने मी पाहुणा होतो, हे पचवायला मला वेळ हवा होता. उल्का मात्र त्या दिवशी पिशवी वर ओढता ओढता म्हणाली, “अहो, तुम्ही रोज त्यांच्याकडे जाता, ते रोज तुम्हाला बोलावतात. कंटाळत नाहीत का ते?” मी म्हटलं, उलट, दिवसेंदिवस जास्तच उत्साहाने नापास करतात. ती म्हणाली, हं. बायकोच्या हुंकाराला उत्तर द्यायची पद्धत वक्त्यांनी सांगितलेली नव्हती.

आणि सभेचा दिवस उजाडला. सभा नेहमीप्रमाणे खाली पार्किंगमध्ये, आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली. अनिरुद्धने आधीच बजावलं, की काका, धिस इज द लास्ट चान्स, आज क्लोज झालं नाही तर कॉन्ट्रॅक्टर दुसरीकडे जाईल, मग वर्षभर लिफ्ट विसरा. मी वर बघितलं. उल्का कठड्याला टेकून उभी होती. वर्षभर ती अशीच उभी राहणार होती, म्हणून मी ठरवलं की आज वानखड्यांना पास करायला लावल्याशिवाय खाली बसायचं नाही.

मी बोललो. इतकं चांगलं मी आयुष्यात बोललो नाही, माझ्या स्वतःच्या बाजूनेसुद्धा नाही. टाकीमागून येणाऱ्या वाऱ्याची झुळूक मी अशी उभी केली की माधवरावांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. बंद लिफ्टमध्ये अंधारात अडकलेल्या वृद्धाचं वर्णन ऐकताना दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मग मी जिन्याकडे वळलो. ह्या पायऱ्यांनी आपल्याला तरुण ठेवलं, ह्या पायऱ्यांवर आपली मुलं चालायला शिकली, आणि त्या पायऱ्यांना आपण पाठ दाखवणार का, असं विचारून मी थांबलो. टाळ्या पडल्या. मी मान झुकवून टाळ्या स्वीकारल्या आणि वानखड्यांकडे बघितलं.

ते गहिवरले होते, ह्यात शंका नाही. रुमालाने चष्मा पुसत ते म्हणाले, “फार सुंदर. माझ्याच्यानं इतकं झालं नसतं.” मग रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. “पण एक नग कमी आहे.”

मी काही बोलणार तोच माधवराव उठले. म्हणाले, आजवर मी लिफ्टच्या बाजूचा होतो, पण दीनानाथने आज माझे डोळे उघडले. नको ती लिफ्ट. पहिल्या मजल्याचेही डोळे उघडले. शेजारच्या फ्लॅटमधल्या योगेशचे तर जरा जास्तच उघडले. तो म्हणाला, जिना आहे त्यापेक्षा उंच करता येईल का बघू. पाहता पाहता सगळी सभा माझ्या भाषणामागे, म्हणजे माझ्याविरुद्ध, उभी राहिली. मी ओरडून सांगत होतो, अहो, हे माझं म्हणणं नाही, माझं अजून बोलायचं राहिलंय. पण नापास झाल्यामुळे मला बोलता येत नव्हतं, आणि हे पटवायला सगळ्यांनी मला माझाच ठराव वाचून दाखवला. त्यात अनिरुद्ध मोबाइल बघत म्हणाला, “काका, सॉरी, पण एक टेक्निकल इश्यू आहे. शेअर सर्टिफिकेटवर काकूंचं नाव आहे. तुम्ही मेंबरच नाही आहात.”

त्या क्षणी माझी जी अवस्था झाली तिचं वर्णन करायलाही मला अधिकार उरलेला नव्हता. लिफ्ट गेली, माझं म्हणणं गेलं, मीही गेलो. मी वर बघायचं टाळलं. वर बघितलं असतं तर ती दिसली असती, आणि मग काय तोंड दाखवायचं हे मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात सभेच्या मधोमध वरून पिशवी उतरली.

कापडी पिशवी, दोरीला हेलकावे खात, हळूहळू, थेट अनिरुद्धच्या टेबलावर येऊन टेकली. कढीपत्ता न्यायची ही काय वेळ, असं कोणीतरी म्हटलं. चंद्रभागाबाईंनी पुढे होऊन पिशवीत हात घातला. आत उल्काच्या चपला होत्या. चंद्रभागाबाईंनी त्या पदराने पुसल्या आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी नीट जोडून ठेवल्या. मग कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं.

ती येत होती. दिसत नव्हती, पण ऐकू येत होतं. एक पाऊल, मग दुसरं पाऊल त्याच पायरीवर, मग कठड्यावर हात सरकल्याचा आवाज, मग थोडी विश्रांती. मी धावत वर निघालो तर वरून आवाज आला की अहो, मध्ये येऊ नका, तोल जातो. मी परत खाली येऊन उभा राहिलो.  आमच्या सोसायटीच्या इतिहासात सभासद इतका वेळ गप्प बसल्याची दुसरी नोंद नाही. वानखडे उठले, सभेला आणलेली आपली लोखंडी खुर्ची उचलली आणि जिन्याच्या तोंडाशी आणून ठेवली. परवानगीशिवाय त्या खुर्चीला कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

उल्का उतरली, चपलांत पाय सरकवले, खुर्चीत बसली आणि दम खाऊन म्हणाली, मी सभासद आहे, मला बोलायचंय. अनिरुद्धने घाबरत घाबरत सांगितलं, की काकू, आधी वानखडे काकांचं म्हणणं सांगावं लागेल, तसा रूल आहे. ती म्हणाली, कोणी केला ते माहीत आहे मला.

मग ती वानखड्यांकडे वळली. “भाऊजी, वारा नाही आणि वीज नाही. लिफ्ट मागे झाली की माणसं मागून जातील. तुमच्या दारावरून कोणी जाणार नाही. दूधवाला नाही, मुक्ताई नाही, शाळेची पोरं नाहीत. सकाळपासून खुर्ची टाकून बसलात तरी ओरडायला कोणी मिळणार नाही. तुम्हाला तेवढंच म्हणायचंय. आणि ह्यांना रोज नापास करता तेही एवढ्याचसाठी, की उद्या पुन्हा यावेत.”

 मी मनात म्हटलं, झालं, हिने मुद्दा सोडून हळहळ धरली, आता आपण साफ बुडालो. वानखड्यांनी चष्मा काढून हातात धरला. मग बोलले तेव्हा त्यांची पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली होती.

“हेच व्हय जी माझं म्हननं,” ते म्हणाले. “पास.”

चंद्रभागाबाई एवढंच म्हणाल्या, “मले नाही सांगितलं कधी.” पण उल्काला त्यांनीच सगळं सांगितलं असणार, पिशवीच्या एकेका फेरीत थोडं थोडं, हे माझ्यासारख्या कान न देणाऱ्यालाही आता कळलं. नवऱ्याने सांगितलं नाही म्हणून बायकोला समजत नाही थोडंच. इतके दिवस पायरीवर बसून मला जे समजलं नाही, ते तीन मजल्यांवरून दोरीला लटकत वर येत होतं. माझ्या शिकवणीला लागलेला सगळा चहा त्याच घरचा होता, हे आठवून मला फार अपमान वाटला.

आता उत्तर द्यायचा अधिकार उल्काला मिळाला होता आणि तिचं उत्तर लहानसंच होतं. लिफ्टचं दार मागे नको, पुढे करा, जिन्याशेजारी, वानखड्यांच्या दारासमोर. तिथल्या कुंड्या हलवता येतील. “जिन्याने जाणारा माणूस दोन शब्द ऐकतो न ऐकतो तो निघून जातो, भाऊजी,” ती म्हणाली. “लिफ्टची वाट बघणारा उभा राहतो. आणि आमच्या सोसायटीची लिफ्ट, ती काही लवकर यायची नाही.”

वानखड्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी कधी विसरणार नाही. दारासमोर उभी असलेली, कुठेही जाऊ न शकणारी, रांगेतली माणसं त्यांना दिसत असावीत. त्यांनी स्वतः सूचना मांडली, माधवरावांचे डोळे पुन्हा एकदा उघडले, आणि लिफ्ट एकमताने मंजूर झाली. अनिरुद्धने इतिवृत्तात खेळीमेळी लिहिली, ती ह्या वेळी थोडीफार खरी होती. माझ्या भाषणाचा उल्लेख इतिवृत्तात नाही, कारण पाहुण्यांची भाषणं त्यात घेत नाहीत.

सभा संपली, लोक पांगले, आणि मग लक्षात आलं की लिफ्ट मंजूर झाली तरी अजून झालेली नाही, आणि उल्का खाली आहे. तिने जिन्याकडे बघितलं. पाय बरेच सुजले होते. ती म्हणाली, बसते इथेच थोडा वेळ, बरं वाटतंय खाली. आणि खरंच ती चंद्रभागाबाईंशी दोरीशिवाय बोलत कितीतरी वेळ बसली. अंधारून आलं तेव्हा वानखडे माझ्याजवळ येऊन म्हणाले, खुर्चीसकट उचलू. पुढून तुम्ही, मागून मी.

आम्ही उचलली. लोखंडी खुर्ची, त्यात उल्का, तिच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीत चंद्रभागाबाईंनी घातलेली वांगी. पहिला मजला बरा गेला. वळणावर वानखडे म्हणाले, डावीकडून घ्या. मी म्हटलं, उजवीकडून जागा जास्त आहे. ते म्हणाले, ते तुम्हाला वाटतं, कारण तुम्ही उलटे चालताय. मी म्हटलं, हा मुद्दा होऊ शकत नाही. ते म्हणाले, आधी माझा मुद्दा सांगून दाखवा, मग खोडा. ठराव अजून रद्द झालेला नाही. त्यांचं बरोबर होतं. मी तिथेच थांबलो, श्वास घेतला आणि डावीकडच्या बाजूने जे जे म्हणता येईल ते सगळं मन लावून, सरळ तोंडाने, घाई न करता मांडलं.

“एक नग कमी आहे,” वानखडे म्हणाले.

“खुर्ची खाली ठेवा,” उल्का म्हणाली. “हात थरथरताहेत दोघांचे, हा कमी आहे तो नग.”

आम्ही खुर्ची खाली ठेवली. तिघंही तिथेच, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, दम खात बसलो. उल्काने मांडीवरच्या पिशवीतून एक वांगं काढून जिन्यावरच्या दिव्यात फिरवून बघितलं आणि म्हणाली, हे कसं चांगलं आहे. वानखडे म्हणाले, उद्या सकाळी या मेहेंदळे, तुम्हाला दाखवतो वांगं कसं बघायचं ते. मी म्हटलं, येतो.